साळावली तळ्याकाठच्या पायवाटा: कामाच्या नोंदी

गोव्याच्या सांगे तालुक्यातल्या साळावली धरणामागे जे पाणी साठते त्याला इथे सगळे तळेच म्हणतात, म्हणून नोंदींतही तळेच म्हटले आहे. धरणाची उंची ४२.७ मीटर, लांबी १००४ मीटर, पाणलोट २०९ चौ. किमी. तळ्याला पूर्ण प्रदक्षिणा घालणारी वाट काढायचा विचार पहिल्याच बैठकीत सोडला. पाण्याच्या शाखा दऱ्यांत इतक्या आत शिरल्या आहेत की नकाशावर चार बोटांचे अंतर पायी दिवसभराचे होते. म्हणून तीन सुट्या वाटा घेतल्या: काठाची वाट (१.६ किमी), सड्याची, म्हणजे वरच्या कातळी पठाराची वाट (२.७ किमी) आणि फक्त एप्रिल-मेमध्ये चालता येणारी उन्हाळी वाट (१.१ किमी). नवे रान तोडायचे नाही. गुराख्यांच्या, काजूवाल्यांच्या मोडलेल्या वाटा दुरुस्त करून जोडायच्या.

१३ ऑक्टोबर

तळे भरलेले असतानाच आखणी सुरू करायची, हा पहिला निर्णय. उन्हाळ्यात आखणाऱ्याला काठाचा मोकळा सपाट पट्टा आयती वाट वाटतो आणि जुलैत ती पाण्याखाली जाते. दोन जुन्या वाटांचे असे झालेले दिसते: झाडावर पिवळा पट्टा आहे आणि त्याच्या बुंध्याला पाणी लागले आहे.

सांडव्याची पातळी ४१.१५ मीटर. सांडवा बदकाच्या चोचीसारखा वळलेला आणि बिनदरवाज्याचा, त्यामुळे पाणी त्या आकड्यावर थांबत नाही. सांडव्यावरून पाणी पडत असते तेव्हा तळे त्याहून वर असते; मुसळधार दिवशी अजून वर. शिवाय लाटा काठ खातात आणि भिजलेला काठ ढासळतो. म्हणून नियम ठरला: भरल्या पाण्याच्या रेघेपासून वाट उभ्या मापाने किमान ३ मीटर वर.

धरणाचा बांध, त्याचा उतार आणि पायथा कुठल्याही वाटेत घ्यायचा नाही. मातीच्या बांधाच्या उतारावर पाऊलवाट पडली की गवत जाते, गवत गेले की पावसात घळ पडते. तिथे जलस्रोत खात्याचा पहारा असतोच. तो नसता तरी तिकडे जायचे कारण नाही.

२० ऑक्टोबर

३ मीटर वर म्हणजे नेमके कुठे? झाडीखाली मोबाइलचा जीपीएस आडव्या मापात ५ ते १० मीटर चुकतो आणि उंची तर तो अंदाजाने सांगतो. त्यावर वाट आखू नये. तळे स्वतःच इतकी मोठी पाणसळ असताना दुसरे यंत्र कशाला?

गवंड्यांचा लेव्हल पाइप घेतला: १० मिमी आतल्या व्यासाची पारदर्शक नळी, १५ मीटर. ३.५ मीटरचा सरळ बांबू घेऊन त्यावर तळापासून ३ मीटरवर खूण केली. बांबू पाण्याच्या कडेला उभा धरायचा आणि नळीचे एक टोक त्या खुणेपाशी. दुसरा माणूस नळीचे टोक घेऊन उतारावर चढतो. बांबूपाशी पाणी ३ मीटरच्या खुणेवर स्थिर असताना वरच्या टोकातले पाणी जिथे जमिनीला टेकते तिथे खुंटी. मग २० मीटर पुढे सरकून पुन्हा तेच.

चुका कशा होतात तेही लिहून ठेवतो. नळीत एक जरी बुडबुडा राहिला तरी माप चुकते, आज पहिल्या सात खुंट्या याच कारणाने काढून पुन्हा मारल्या. बादलीतून पाणी हळू ओढून नळी भरावी, भरल्यावर पूर्ण नळी जमिनीवर पसरून बोटाने टिचक्या मारत बुडबुडे टोकाकडे न्यावेत. पाण्यात कपड्यांची नीळ चिमूटभर टाकली की सावलीतही पातळी दिसते. दोन्ही तोंडे उघडी हवीत. अंगठा ठेवून चालायचे, मापताना काढायचा. वारा असेल तर काठाला लाट येते, तेव्हा बांबू एखाद्या आडोशाच्या खाचेत उभा करावा.

सहा जणांनी दिवसभरात ३४ खुंट्या मारल्या. काठाच्या वाटेला ८० लागतील.

३ नोव्हेंबर

कागदपत्रांचा दिवस. काठाच्या वाटेचा काही भाग जलस्रोत खात्याच्या ताब्यातल्या जमिनीतून, थोडा खासगी काजू बागेतून जातो. सड्याच्या वाटेचे शेवटचे टोक नेत्रावळी अभयारण्याच्या हद्दीला लागते. अभयारण्यात शिरण्याचा परवाना वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या कलम २८ खाली लागतो. अधिवासाला हात लावणारे काम कलम २९ खाली येते आणि ते प्रकरण वेगळेच. म्हणून हद्दीच्या आत कुदळ चालवायची नाही असे ठरले. आहे ती वाट, आहे तशी. वाट हद्दीपाशी संपते आणि तिथून मागे वळते. वाटेची लांबी ३०० मीटरने कमी झाली, पण वर्षभराची पत्रापत्री वाचली.

काजू बागेच्या मालकाने एकच अट घातली: फेब्रुवारी ते मे बोंडे पडण्याच्या दिवसांत बागेतून घोळका नको. ती रास्त आहे. बोंडे पायाखाली तुडवली गेली की फेणीच्या भट्टीवाल्याचे नुकसान. त्या दिवसांसाठी बागेला वळसा घालणारी १८० मीटरची पर्यायी वाट आखली.

गुरांनी ३४ पैकी ११ खुंट्या उपटल्या. पुढच्या खेपेला खुंट्या ४५ सेंमी लांब, ३० सेंमी जमिनीत, डोक्यावर फक्त चुन्याचा ठिपका. कापडाची फीत बांधू नये, गाय चघळते.

१७ नोव्हेंबर

सड्याच्या वाटेची चढण आखली. इथे तळ्याची पाणसळ उपयोगी नाही, म्हणून बांबूची घोडी केली. दोन पाय २ मीटरचे, वरचे टोक सुंभाने बांधलेले, खालच्या टोकांत अंतर बरोबर २ मीटर, मध्ये आडवी पट्टी. माथ्यापासून दोरी आणि टोकाला दगड. घोडी उभी करून दोरी पट्टीला लागते तिथे रेघ, मग पायांची अदलाबदल करून दुसरी रेघ. दोहोंच्या बरोबर मध्ये सपाटीची खूण. आता एका पायाखाली २० सेंमीचा ठोकळा ठेवला की २ मीटरला २० सेंमी, म्हणजे १० टक्के चढ. दोरी जिथे थांबते तिथे तांबडी खूण. ठोकळा दुसऱ्या पायाखाली ठेवून दुसऱ्या अंगालाही तशीच खूण. एवढ्यावर अख्खी वाट आखता येते.

सरासरी चढ १० टक्क्यांच्या आत ठेवला. त्याहून महत्त्वाचा नियम: वाटेचा चढ डोंगराच्या उताराच्या निम्म्याहून कमी हवा. डोंगर ३० टक्के उतरत असेल तर वाट १५ च्या खाली. नाहीतर पाणी वाट ओलांडून खाली जाण्याऐवजी वाटेवरूनच धावते. गुराख्यांच्या वाटा सरळ वर चढतात. गुरांचे पाय ते सहन करतात, माती नाही. अशा एका जुन्या वाटेचा घळ आज मोजला: ६५ सेंमी खोल, तळाशी नुसता खडक. ती वाट सोडून तिच्याच बाजूने दोन नागमोडी वळणे घेतली आणि घळीत दर ३ मीटरवर झावळ्यांचे व फांद्यांचे आडवे बांध घातले, माती धरायला.

वाट सलग चढती ठेवू नये. दर १५-२० मीटरवर ती २-३ पावले उतरायला हवी आणि मग पुन्हा चढायला. त्या खोलगटातून पाणी बाहेर जाते. असे १४ खोलगट आखले.

१ डिसेंबर

खोदकाम सुरू. हत्यारे: पिकास २, कुदळ ३, फावडी २, पहार १, कोयते २, मुळे कापायची करवत १, घमेली ६. पाऊलपट्ट्याची रुंदी ७५ सेंमी. पट्टा पूर्ण डोंगरात कापून काढायचा. अर्धा कापायचा आणि अर्धा भरावावर ठेवायचा ही घाई करू नये, भराव पहिल्याच पावसात खाली जातो. ४० टक्के उतारावर दर मीटरला सुमारे ०.११ घनमीटर माती निघते. सैल झाली की ती १५ घमेली भरते. ही माती वाटेच्या कडेला रचली तर बांध होतो आणि पाणी अडते, म्हणून ती उतारावर लांब विखरून टाकायची.

तांबड्या मातीत मुळे नसतील तर एक माणूस दिवसाला ८ ते १० मीटर करतो. अकेशियाच्या लागवडीत ५ सुद्धा होत नाहीत. मुळे वरवर, दोरखंडासारखी पसरलेली असतात आणि पिकास त्यांवरून उसळी घेतो. इथे करवतच बरी.

१५ डिसेंबर

मागच्या दोन आठवड्यांत झालेल्या १२० मीटरांपैकी ४० मीटर चुकले. पट्टा बाहेरच्या अंगाला किंचित कलता हवा: ५ टक्के, म्हणजे ६० सेंमीला ३ सेंमी. डोळ्यांनी तो कलता दिसत होता. पाणसळ लावल्यावर कळले की पट्टा आत, डोंगराकडे कलला आहे. उतारावर उभे राहिल्यावर डोळा फसतो, कारण आजूबाजूचे सगळेच तिरपे असते. आता ६० सेंमीच्या पाणसळीच्या बाहेरच्या टोकाखाली ३ सेंमीचा लाकडी ठोकळा कायमचा बांधून टाकला. बुडबुडा मध्ये आला की काम बरोबर. दर २ मीटरला तपासायचे. कंटाळा करायचा नाही.

अकेशियाचा पाचोळा पट्ट्यावर राहू देऊ नये. ती पाने विळ्यासारखी वळलेली, कडक आणि गुळगुळीत. कोरड्या दिवशीसुद्धा उतारावर पाय सटकतो.

५ जानेवारी

सड्याच्या वाटेवर एका जागी कातळ आडवा आला आणि वळण घ्यायला जागा नाही. १४ मीटर लांबीत २४ टक्के चढ, म्हणजे ३.४ मीटर उंची. इथे पायऱ्या. १७ सेंमीची पायरी धरून २० पायऱ्या, प्रत्येकीचा आडवा भाग ७० सेंमी.

चिरे जांभ्याचे, साधारण ३८ × २३ × १८ सेंमी. एका चिऱ्याचे वजन ३४ किलोच्या आसपास. एका पायरीला दोन, म्हणजे ४० चिरे, सुमारे १,३६० किलो. पिकअप रस्त्यापर्यंतच येतो. पुढे ४०० मीटर डोक्यावर किंवा दोघांच्या हातांवर. एका माणसाला तासाला तीन चिरे, त्यापेक्षा जास्त धरू नये.

चिरा २३ सेंमीची बाजू उभी ठेवून लावायचा: १७ वर, ६ जमिनीत. आडवा लावला तर जमिनीत पकड उरत नाही आणि गाय त्यावर चढली की चिरा पुढे कलंडतो. मागची पोकळी मातीने भरू नये. फुटक्या चिऱ्यांची खडी भरून धुमसाने ठोकावी. माती फुगते, खडी पाणी सोडते. सिमेंट नको. सिमेंटच्या सांध्यामागे पाणी साठते आणि पायरी अख्खीच्या अख्खी बाहेर येते.

खाणीतून नुकता काढलेला चिरा मऊ असतो, हवेत राहून कडक होतो. आलेल्या खेपेतले १३ चिरे नखाने खरवडले जात होते. ते बाजूला ठेवले. पहारीच्या मुठीने ठोकून पाहावे. चांगला चिरा ठणकन वाजतो, कच्चा बदबद. एक पावसाळा उघड्यावर काढलेले जुने चिरे मिळाले तर सगळ्यांत उत्तम. पडक्या कुंपणांचे चिरे मालकाला विचारून घेतले.

१९ जानेवारी

तीन व्हाळ, म्हणजे ओढे, ओलांडायचे आहेत. आता त्यांत घोट्याइतकेच पाणी आहे, पण काठावरच्या झाडांना अडकलेला पालापाचोळा कमरेच्या उंचीवर दिसतो. जुलैचे पाणी तिथवर येते, हे व्हाळाने स्वतःच लिहून ठेवलेले आहे.

पूल नाही. लाकडी पूल तीन पावसाळ्यांत कुजतो, लोखंडी आणायचा खर्च आणि परवाना दोन्ही झेपत नाहीत. पाय टेकायचे दगड लावले. जागा निवडताना अरुंद भाग घेऊ नये. तिथे उडी मारता येते म्हणून मोह होतो, पण पाण्याचा जोर तिथेच सर्वांत जास्त. व्हाळ जिथे पसरट आणि उथळ आहे ती जागा घ्यावी. जांभा इथे कामाचा नाही, पाण्यात झिजतो. व्हाळातलेच काळे कठीण दगड, ६० किलोंच्या वरचे, अर्धे पुरलेले, वरचा सपाट भाग किमान ३० सेंमी, मध्यापासून मध्यापर्यंत ५५ सेंमी. निमुळते टोक प्रवाहाच्या वरच्या बाजूला.

पहिल्या व्हाळात ७, दुसऱ्यात ५, तिसऱ्यात ९. एका दगडाला पहारीने सरकवायला तिघे लागले.

९ फेब्रुवारी

खुणा. झाडाला खिळा मारायचा नाही. दोरी बांधायची नाही, बुंधा वाढला की ती रुतते. फक्त रंग: ५ × १५ सेंमीचा उभा पिवळा पट्टा, डोळ्यांच्या उंचीवर, दोन्ही दिशांनी दिसेल असा. वळणावर दोन पट्टे.

झाड पाहून रंग लावावा. नाणा झाडाची साल गुळगुळीत म्हणून ती पाहताच हात शिवशिवतात, पण नाणा दरवर्षी साल सोडतो आणि खूण पापुद्र्याबरोबर खाली पडते. ऐनाची साल मगरीच्या पाठीसारखी भेगाळ. रंग दुप्पट लागतो आणि खूण नीट दिसत नाही. बेहड्यावर रंग चांगला बसतो.

जांभ्यावर ऑइल पेंट टिकत नाही. दगड सच्छिद्र, आत ओल धरतो, रंगाचा पापुद्रा फुगून सुटतो. गेल्या पावसाळ्यात नमुन्यासाठी लावलेल्या ६ खुणांपैकी ५ गेल्या, एकीवर शेवाळ. म्हणून १० खुणेच्या चिऱ्यांवर छिन्नीने २ सेंमी खोल बाण कोरले आणि रंग फक्त खाचेत भरला. रंग गेला तरी बाण राहतो.

२ मार्च

पाचोळा. सड्यावरचे गवत आता पिवळे, रानातला पाचोळा घोट्यापर्यंत. मार्च २०२३ मध्ये म्हादई अभयारण्यासह गोव्यात अनेक ठिकाणी रान पेटले तेव्हा हवाई दलाची आणि नौदलाची हेलिकॉप्टर पाणी ओतायला आणावी लागली होती. वाटेच्या दोन्ही अंगांना १ मीटर पाचोळा ओढून काढला. त्याचा ढीग करून पेटवला नाही, खोलगटांच्या खाली पसरला. वाट ही आपोआप जाळरेषेचे काम करते, जर ती उघडी राहिली तर. वाटेवर विडी, चूल, कापूर काही नाही. पाटीवर हे सर्वांत वर लिहिले. काजू बागेत तळ साफ करून पाला जाळायची रीत याच दिवसांत असते, मालकाला आधी विचारून त्या दिवशी ती बाजू बंद ठेवायची.

२३ मार्च

गोचिडी. सत्तरी तालुक्यात २०१५ पासून माकडतापाचे रुग्ण सापडले आहेत आणि कोरड्या महिन्यांत धोका असतो. काम सांगेत असले तरी नियम तेच ठेवले. पूर्ण बाह्यांचे कपडे, विजार मोज्यांत खोचलेली, फिकट रंग, म्हणजे गोचीड दिसते. गोचीड प्रतिबंधक तेल उघड्या भागांवर लावायचे. पाचोळ्यावर बसायचे नाही, बसायला प्लास्टिकचे पोते न्यायचे. घरी गेल्यावर कपडे गरम पाण्यात, अंग तपासायचे: काखा, गुडघ्यामागे, कमरपट्ट्याखाली. गोचीड चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढावी. रॉकेल, काडी, पिळणे असले प्रकार करू नयेत.

मेलेले माकड दिसले तर जवळ जायचे नाही, जागा टिपून आरोग्य केंद्राला कळवायचे. रानातून आल्यावर आठवडाभरात ताप, डोके फुटल्यासारखे दुखणे असे काही झाले तर डॉक्टरला आधी हे सांगायचे की रानात होतो.

११ मे

उन्हाळी वाट. पाणी मागे सरले आहे आणि कुर्डी गाव वर आले आहे. १९८६ साली पाण्याखाली गेलेले हे गाव दरवर्षी उन्हाळ्याच्या शेवटी काही आठवडे दिसते: घरांच्या जोत्यांच्या रेघा, रस्त्यांचे पट्टे, झाडांचे वाळके बुंधे, सोमेश्वराचे देऊळ. गानतपस्विनी मोगूबाई कुर्डीकर याच गावच्या. कुर्डीचे प्राचीन महादेव मंदिर पाणी चढण्यापूर्वी दगड दगड सुटे करून धरणाजवळ पुन्हा उभारले आहे. ते पाहायचे असेल तर तिकडे, इथे शोधू नये.

या वाटेवर कुदळ लावलीच नाही. पाणी येऊन जे पुसते त्यावर काम करण्यात अर्थ नाही. काम एकच: कुठे पाय ठेवायचा आणि कुठे नाही, ते ठरवणे.

गाळ वरून वाळतो, आतून नाही. पापुद्रा १० ते १५ सेंमी जाड, खाली लोण्यासारखा चिखल. भेगा रुंद, कडा वर वळलेल्या आणि रंग राखाडी-पांढरट असेल तर जागा पक्की. भेगा केसासारख्या बारीक आणि माती काळपट असेल तर थांबावे. गुरांचे खूर पाहावेत: ३ सेंमीपेक्षा खोल रुतले असतील तर माणसाने जाऊ नये. शेवटी काठी. मनगटाच्या जोरावर काठी २० सेंमीपेक्षा आत गेली की ती जागा बाद. आज पाण्याच्या सध्याच्या काठापासून ४० मीटरचा सगळा पट्टा याच कसोटीवर बाद केला, जरी तो दिसायला सर्वांत सुंदर असला आणि फोटो काढायला सगळे तिकडेच जात असले तरी.

जुन्या रस्त्याचा पट्टा सोडू नये. त्याखाली ठोकलेली खडी आहे, इतकी वर्षे पाण्यात राहूनही ती पाय धरते. घरांच्या मागच्या अंगाला विहिरी असतात. त्या गाळाने भरल्या आहेत आणि वरून जमिनीसारख्याच दिसतात. फरक एवढाच की भोवतालच्या भेगा सरळ पसरतात आणि विहिरीवर त्या गोल फिरतात, ताटलीसारख्या. अशा दोन जागा सापडल्या. त्यांभोवती ३ मीटर त्रिज्येवर चुन्याने गोल काढले आणि बांबू रोवले. पुढच्या वर्षी पुन्हा शोधाव्या लागतील, गाळ दरवर्षी नवा असतो.

ज्यांची ती घरे होती ती माणसे मे महिन्यात देवळाच्या आणि चॅपेलच्या उत्सवाला इथे येतात. त्या दिवशी आपली वाट बंद. जोत्यावर चढायचे नाही, दगड-कौल उचलायचे नाही, देवळापाशी चपला काढायच्या.

सावली शून्य. साडेसहाला सुरुवात, साडेदहाला परत. माणशी ३ लिटर पाणी. तळ्याचे पाणी पिऊ नये आणि त्यात साबण-शॅम्पूही नको; हेच पाणी शेळप्याच्या प्रकल्पात शुद्ध होऊन दक्षिण गोव्याच्या नळांना जाते.

१ जून

पावसाआधीची शेवटची फेरी. १४ खोलगटांची तोंडे साफ केली, पायऱ्यांमागची खडी पुन्हा ठोकली, उन्हाळी वाटेवरचे बांबू काढून आणले.

२२ जून

मोसमी पाऊस लागून दोन आठवडे झाले. मुद्दाम सरी चालू असताना फेरी मारली, कारण पाणी कुठून वाहते हे पाऊस थांबल्यावर कळत नाही. १४ पैकी ९ खोलगट व्यवस्थित. ५ गाळाने भरले आणि पाणी सरळ वाटेवरून पुढे गेले. कारण पाचहीत एकच: बाहेर पडायचे तोंड पट्ट्याच्या रुंदीएवढेच ठेवले होते. पाणी तिथे मंदावते, गाळ टाकते, तोंड बंद होते. तोंड दुप्पट रुंद, दीड मीटर, आणि उतारावर निदान एक मीटर पुढे ओढून न्यायला हवे. तीन त्याच दिवशी भर पावसात दुरुस्त केले. ओल्या मातीत फावडे सहज चालते, पण ठोकणे जमत नाही. पक्के काम ऑक्टोबरात.

उताराला काटकोनात घातलेला एक जुना लाकडी आडवा बांध होता, तोही असाच भरला. पाणी काढायचा आडवा दगड वाटेला ४५ अंशांत तिरका हवा. काटकोनात तो नुसता उंबरठा होतो.

२० जुलै

काठाची वाट उघडी, सड्याची बंद. तिसरा व्हाळ मांडीपर्यंत. ९ दगडांपैकी एकही दिसत नाही. नियम पाटीवर लावला: पाणी गुडघ्याच्या वर असेल किंवा गढूळ असून त्यात काटक्या-पाने वाहत असतील तर ओलांडू नये, मागे फिरावे. वर डोंगरात सर पडली की इथे ऊन असतानाही वीस-पंचवीस मिनिटांत पाणी चढते. आधी रंग बदलतो, मग आवाज.

जळवा भरपूर. जाड मोजे, त्यांवर तंबाखूचे पाणी. चिकटलीच तर नखाने तोंडाकडून सरकवून काढावी; मिठाने ती ओकते आणि जखम चिघळते.

तळे भरले आहे. काठाच्या वाटेपासून पाण्यापर्यंत उभे माप आज २.६ मीटर. ऑक्टोबरात ३ धरले होते, तेव्हा ४० सेंमी वरची लाट त्यात बसली. एका जागी मात्र काठ ढासळून वाटेच्या १.२ मीटर जवळ आला आहे. वाट तिथे २५ मीटर लांबीत वर सरकवावी लागेल.

१४ सप्टेंबर

पावसाळ्यानंतरची मोजदाद. २० पायऱ्यांपैकी १९ जागेवर, एक चिरा फुटला. तो बाजूला ठेवलेल्या १३ कच्च्या चिऱ्यांपैकीच एक निघाला, घाईत कोणीतरी उचललेला. व्हाळातले दगड: पहिल्यात ७ पैकी ७, दुसऱ्यात ५ पैकी ५, तिसऱ्यात ९ पैकी ६. गेलेले तीनही मधले, ८० मीटर खाली सापडले. तिसऱ्या व्हाळाची जागाच चुकली आहे, पावसात प्रवाह उजव्या काठाला घासून जातो. ३० मीटर वर दुसरी पसरट जागा पाहून ठेवली. झाडांवरच्या ६२ खुणांपैकी ५४ वाचता येतात, गेलेल्या ८ नाणा झाडांवरच्या होत्या.

ऑक्टोबरसाठी: काठ ढासळलेल्या जागी २५ मीटर नवा पट्टा, आखणी लेव्हल पाइपनेच. खोलगटांची ५ तोंडे. काळे दगड ९. एक चांगला चिरा. उरलेले १२ कच्चे चिरे पाटीपाशी उघड्यावर मांडून ठेवले आहेत, त्यांच्यावर चुन्याची फुली आहे. पुढच्या पावसाळ्यापर्यंत हात लावू नये.